धर्मराजची खळ

धर्मराजचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. गजराचं घड्याळ घरात नव्हतं आणि लागतही नव्हतं. त्याची बायको कृष्णाबाई मासळी उचलायला करंजाच्या बंदरावर जाई. तिचा टेम्पो चारला कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबे. ती उठली की तो उठे. चूल एकच. तिच्यावर आधी खळ चढे, मग चहा. या क्रमावरून भांडणं खूप झाली, पण क्रम बदलला नाही.

धर्मराजचं काम पनवेलच्या भिंतींवर सिनेमाची पोस्टरं लावण्याचं. लोकांना वाटतं, यात काय आहे, कागद घ्यायचा आणि भिंतीला थापायचा. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा बारा तुकड्यांचं पोस्टर वाऱ्यात शिडीवर उभं राहून लावून पाहावं. नायिकेचा डोळा कानावर जातो आणि खलनायकाचं पिस्तूल त्याच्याच पोटात घुसतं. धर्मराजच्या पोस्टरात तुकडा कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे दिवसाउजेडी जवळ जाऊनही सापडत नसे. वरचा कागद खालच्यावर बोटभर चढवायचा, मधून कडेकडे कुंचा फिरवायचा, हवा बाहेर काढायची. तीस वर्षं तो हेच करत होता.

खळ दोन प्रकारची. कच्ची खळ नुसत्या मैद्याची. ती टॉकीजच्या आतल्या फळ्यांसाठी, कारण तिथली चित्रं दर शुक्रवारी बदलायची असतात. ओलं फडकं फिरवलं की कागद अलगद हातात येतो. पक्की खळ रस्त्यावरच्या भिंतींसाठी. तिच्यात सरस पडतो आणि चिमूटभर मोरचूद, कारण मैदा गोड लागतो आणि गाई पोस्टर ओढून खातात. पक्क्या खळीनं लावलेला कागद पावसाळा काढतो. तो काढायचा तर भिंत काढावी लागते.

त्र्याण्णव साल उजाडलं तेव्हा नव्या पनवेलच्या गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबू लागल्या होत्या. टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला प्रेक्षकांपेक्षा पंखे जास्त असत. टॉकीजचे मालक भगवानशेठ यांनी गणपतीत धर्मराजला बोलावलं.

"धर्मा, भिंतीकडं बघतो कोण रे आता? सगळे घरात लोळून बघतात. दिवाळीपर्यंत ये. पुढचं पुढं बघू."

मालक 'पुढं बघू' म्हणाला की पुढं काही नसतं, हे धर्मराजला कळत होतं. वय सत्तेचाळीस. शिडीवरून चढउतार करून डावा गुडघा कामातून गेलेला. मोरचुदानं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, त्यामुळं जाळं ओढणं बंद. खाडीत तसंही ओढण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती, बसून करायची, दरमहा पगार देणारी नोकरी. आणि तशी एक जागा पनवेलमध्ये रिकामी होती.

जुन्या बाजारामागं भाताची एक गिरणी बंद पडली होती. तिथं पेन्शनीत निघालेल्या काही मंडळींनी वस्तुसंग्रहालय काढलं होतं. आत बैलगाडीचं एक चाक, तीन पायल्या, एक तांब्याचं घंगाळ, आणि काचेच्या पेटीत एक काठी. काठीखाली चिठ्ठी: 'जुनी काठी'. कोपऱ्यात कोळ्यांचं जाळं टांगलेलं, तेही उलटं. एवढ्या ऐवजावर लक्ष ठेवायला एक शिपाई होता, तो गावी निघून गेला होता. त्याचं स्टूल मात्र दाराशी तसंच होतं. दहा ते सहा त्या स्टुलावर बसायचं, खाकी कपडे घालायचे आणि काठी कुणी नेत नाही ना हे बघायचं. धर्मराजला वाटलं, हे जमेल.

संग्रहालयाचे अध्यक्ष दीनानाथसाहेब. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, नव्या पनवेलला ब्लॉक. ते दरवर्षी जानेवारीत संग्रहालयात 'रेषांची जत्रा' भरवत. गावोगावच्या व्यंगचित्रकारांची चित्रं, चित्रकथा, मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग, सगळं तीन दिवस, सगळ्यांना खुलं, विनामूल्य. 'विनामूल्य' हा शब्द बॅनरवर जत्रेच्या नावापेक्षा मोठा होता. साहेबांनी भगवानशेठकडून धर्मराजचं नाव काढलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"टॉकीजची पोस्टरं लावणारा तूच?"

"हो, साहेब."

"एकशे चाळीस चित्रं आहेत. मुंबई, पुणे, नाशिक, कुठून कुठून आलीत. गेल्या वर्षी आम्ही टाचण्या मारल्या. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागं अर्धी भिंत खाली! लोक इतके हसले की पुढं चित्रं बघून कुणी हसेना. या वर्षी एक जरी कागद सुटला तर मी खपवून घेणार नाही."

"नाय सुटनार."

"काम नीट झालं तर शिपायाची जागा आहे. कमिटीपुढं मी तुझंच नाव ठेवीन."

धर्मराजनं कोणत्याही कारागिरानं विचारायचा तो प्रश्न विचारला.

"साहेब, ही चित्रं परत काडायची हायत का? काडायची असली त खळ येगळी लागते."

साहेबांच्या हातात शालींची यादी होती.

"काढायची कशाला? आधी लाव तर! अहो अरुंधतीबाई, शाली किती सांगितल्यात?"

अरुंधतीबाई संग्रहालयाच्या चिटणीस. कॉलेजात शिकवीत. त्या टेबलाशी शाली मोजत होत्या.

"सात."

"आणि पाहुणे?"

"आठ."

"मग आठव्याला काय गुंडाळायचं, पंचा?"

धर्मराज टेबलापाशी गेला. "बाई, मंग पक्की लावू ना? पक्की लावली त निघनार नाय."

"पक्की, पक्की. अगदी पक्की लावा हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्या शालीपासून मोजू लागल्या.

दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा विचारणारा माणूस मालकाला मूर्ख वाटतो. शिवाय धर्मराजनं आजूबाजूला पाहिलं. चाक होतं तिथं होतं, पायल्या होत्या तिथं होत्या, काठी तर आणखी जुनी झाली होती. इथं आलेली वस्तू परत गेल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. संग्रहालय म्हणजे वस्तू आणून कायमची ठेवण्याची जागा. चित्रंही राहायलाच आली असणार.

त्यानं चार दिवस काम केलं. पहिले दोन दिवस चित्रांना हात लावला नाही. गिरणीच्या भिंतीवर चुन्याचे थर होते. चुन्यावर लावलेला कागद चुन्यासकट सुटतो, म्हणून त्यानं पत्र्याच्या तुकड्यानं सगळी लांब भिंत गिलाव्यापर्यंत खरवडली. नाकातोंडात चुना गेला. मग सरसाच्या पाण्याचा एक हात मारून भिंत वाळू दिली. साहेब येऊन बघून गेले. "वा, वा," म्हणाले. कशाला वा, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं एकेका चित्राच्या कोपऱ्याला ओलं बोट लावून पाहिलं. काळी शाई पक्की होती, हलली नाही. रंगीत दहाएक चित्रांचा रंग बोटाला आला. ती त्यानं वेगळी काढली. त्यांना पुढून कुंचा लावला नाही, फक्त पाठीला खळ लावून कोरड्या फडक्यानं दाबली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकशे चाळीसपैकी एकाचाही रंग फुटला नाही.

त्यांत एक चित्रकथा होती, बारा कागदांची, पाठीवर आकडे घातलेले. निनाद नावाच्या एका तरुण चित्रकाराची. खाडीवरच्या कोळ्यांच्या जीवनावर. निनाद खाडीवर एकदाच आला होता, तोही ओहोटीला, आणि चपला भरल्या म्हणून बांधावरूनच परतला होता. त्याच्या बाराही कागदांना उजव्या कडेला पांढरी कोरी पट्टी सोडलेली. धर्मराजनं आकडे लावले आणि प्रत्येक कागद आधीच्या कागदावर त्या पट्टीपुरता चढवला. मधे कोरी जागा कुठं दिसू दिली नाही. भिंतीवर एक लांबलचक सलग चित्र तयार झालं. धर्मराज मागं सरून बघत राहिला. सांधा त्यालाही दिसेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अरुंधतीबाई आल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "किती सपाट बसलीत हो! वॉलपेपरसारखी."

कमिटीत एकवीस सभासद होते. एकवीसांपैकी एकानंही एखाद्या चित्राचा कोपरा नखानं उचलून पाहिला नाही. ज्याला काम येत नाही त्याला शंकाही येत नाही.

जत्रा सुरू झाली. आधी हास्याचं महत्त्व या विषयावर दीड तास भाषण झालं. दीड तासात कुणी हसलं नाही. आठव्या पाहुण्याला शालीऐवजी नारळ मिळाला, तो तेवढा गंभीर होता. अंगणात चार चित्रकार ओळीनं बसले होते. पाच मिनिटांत प्रत्येकाचं व्यंगचित्र, फुकट. रांग फाटकाबाहेर गेली. फुकट म्हटलं की आपला माणूस स्वतःचं नाकही भोपळ्याएवढं काढून घ्यायला दोन तास उभा राहतो. धर्मराजचंही चित्र एकानं काढलं. बादली, शिडी आणि ओठभर झुबकेदार मिशी. धर्मराजला मिशी नव्हती.

"ही कुनाची?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला शोभते, काका," चित्रकार म्हणाला आणि पुढच्याला बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी विकून कृष्णाबाई आली. तिनं सगळी भिंत सावकाश, एका टोकापासून पाहिली. निनादच्या चित्रकथेशी ती थांबली. त्यात एक कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, दोन्ही हात कमरेवर ठेवून, तोंड वासून भांडत होती.

"ही आपलीच का?" कृष्णाबाईनं विचारलं.

"आपलीच असंल. नथ हाय."

"चुंबळ कुठाय हिची? नुसत्या डोईवर पाटी ठेवलीय रांडंनं. मान मोडंल." मग जवळ जाऊन म्हणाली, "आन पाटीतनं पानी गळत नाय. मासळी वाळलेली हाय. वाळलेल्या मासळीला येवडी वरडते कशाला?"

शेजारी निनाद उभा होता. दाढी, झोळी, पायांत कोल्हापुरी. त्याचं तिच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. तो स्वतःच्या चित्राकडं डोळे फाडून बघत होता.

"हे कुणी लावलं?"

"मी," धर्मराज म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी आहे.

"दोन चौकटींमधली मोकळी जागा कुठं गेली?"

"ती झाकली. तुमी कापताना कागद जास्त सोडलेला. दिसाया नको म्हनून बोटभर चडवला."

"अहो, ती मुद्दाम सोडलेली असते! त्या मोकळ्या जागेत वेळ जातो!"

"कुनाचा?"

कृष्णाबाई पदर तोंडाला लावून हसली. जत्रेत मनापासून हसलेलं माणूस बहुधा तेवढंच. निनाद तावातावानं साहेबांना शोधायला गेला. साहेब फोटोत उभे होते. उद्या बघू म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जत्रा संपली आणि चित्रं उतरवायला मंडळी भिंतीशी आली. कोपरा नखानं उचलेना. नख मोडलं. ओलं फडकं फिरवलं, फडकं वाळलं. निनादनं दाढीचं पातं आणून आपल्या सातव्या कागदाच्या कडेत घुसवलं आणि ओढलं. कोळिणीचा एक हात कमरेसकट सोलून निघाला, बाकी बाई भिंतीवरच राहिली. त्या वेळी गिरणीत जी शांतता झाली तशी तीन दिवसांत एकाही भाषणात झाली नव्हती. चित्रं चित्रकारांची होती. त्यांना परत जायची होती. निनादची बारा पुण्याला एका छापखान्यात पुस्तक होण्यासाठी जायची होती.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. टेबलावर चहा आणि बिस्किटं. धर्मराज उभा.

"तू आमचं वाटोळं केलंस," दीनानाथसाहेब म्हणाले. "लोकांची मूळ चित्रं! चिकटवून टाकलीस!"

"साहेब, तुमीच म्हनालात येकबी सुटता कामा नये. मी इचारलं व्हतं, परत काडायची हायत का. बाईंनाबी इचारलं. बाई, तुमाला ठाव हाय."

सगळे अरुंधतीबाईंकडं बघू लागले. त्यांनी बिस्किटाचा तुकडा बशीत ठेवला.

"मला नीट आठवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फार गडबड होती."

बाईंना आठवत होतं. त्यांची मान खाली गेली ती त्यामुळंच. पण एकवीस शिकलेल्या माणसांत चूक आपल्यातल्या कुणाची तरी आहे असं म्हणायला जो जीव लागतो तो बिस्किटं खाऊन येत नाही.

"चित्रं निघतील का?" कुणीतरी विचारलं.

"निघतील," धर्मराज म्हणाला. टेबलाभोवतीची सगळी डोकी वर झाली. "लावाया चार दिस लागले. काडाया आठ. घाई केली त फाटतील."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग ऐक. चित्रकारांना आम्हाला तोंड दाखवायचं आहे. तू एक कागद लिहून दे, की माझ्या हलगर्जीपणानं हा प्रकार झाला. सही कर. आठ दिवसांत फुकट काढून दे. आणि एक तारखेपासून शिपाई म्हणून कामावर ये. काढून दिलीस, तर तुझ्यावर आमचा राग नाही."

धर्मराजनं दाराशी असलेल्या स्टुलाकडं पाहिलं. "उद्या सांगतो," म्हणाला.

घरी कृष्णाबाई कोयती घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यात इचार काय करतंस? दे सही. कागदाव कायबी लिवू दे त्यांना. आठ दिस गेले त गेले."

"कागदाव काय लिवलंय ठाव हाय? मी हयगय केली."

"मंग?"

"तीस वरसात माजा येक कागद सुटला का, सांग."

"नाय सुटला."

"मंग?"

"मंग उद्या जेवाया बसशील तवा तोच कागद वाडते तुला," कृष्णाबाई म्हणाली. "टॉकीज बंद. गुडघा बंद. ही येक नोकरी चालून आली, ती येका सहीवरनं घालवतंस? कोन वाचनार हाय तुजी सही?"

तिचं बोलणं बरोबर होतं. धर्मराजला ते कळत होतं आणि तेच त्याला सलत होतं. काम वाईट झालं असतं तर त्यानं आठ काय, सोळा दिवस फुकट दिले असते. एकदा मुसळधार पावसात भगवानशेठच्या नव्या पोस्टराला फुगा आला होता, तेव्हा त्यानं न सांगता, स्वतःच्या मैद्यानं ते पुन्हा लावलं होतं. पण इथं काम चांगलं झालं म्हणून त्याची माफी मागायची होती. जे काम त्यांना सांगता आलं नाही, त्यांनी बघितलं नाही, त्याला वाईट म्हणायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. त्या स्टुलावर बसायचं तर रोज दहा ते सहा त्या भिंतीसमोर बसायचं होतं.

सकाळी तो गिरणीत गेला.

"चित्रं काडतो. आठ दिस. रोजची मजुरी, रोज संध्याकाळी हातात. सही नाय."

"मग नोकरीही नाही," साहेब म्हणाले.

"नाय त नाय."

"अरे, तुझीच चूक आणि वर मजुरी?"

"चूक कुनाची ते बाईंना आठवंल तवा बगू. मी कोळीवाड्यात हाय."

कमिटीनं चार दिवस इतर उपाय करून पाहिले. एका रंगाऱ्याला आणलं; तो भिंत ठोकून म्हणाला, गिलावा काढावा लागेल. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी बाटली आणली आणि एका चित्रावर तीन थेंब टाकले. चित्रातल्या पुढाऱ्याचं डोकं पिवळं पडलं, कागद होता तिथं होता. तेवढ्यात मुंबई-पुण्याहून पत्रं येऊ लागली. जे लोक एरवी सगळ्या जगाची टर उडवतात त्यांना स्वतःची टर उडालेली अजिबात चालत नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी कोळीवाड्यात निरोप पाठवला: ये, मजुरी मिळेल.

धर्मराजनं गोणपाटं गोळा केली. काळ्या शाईच्या चित्रांवर ओली गोणपाटं लावून ठेवायची, सुकू द्यायची नाहीत, दर तासाला पाणी मारायचं. दीड दिवसानं सरस भिजतो. मग हाडाच्या पातळ पट्टीनं, वरून खाली, केसाएवढं केसाएवढं सोडवत यायचं. कागद हाताला साईसारखा लागतो. श्वास जोरात सोडला तरी फाटतो. सुटला की उलट्या ताटावर घेऊन पाठीची खळ धुवायची आणि दोन चादरींत दाबून वाळवायचा. रंगीत चित्रांना पाणी चालणार नव्हतं. ती सोडवायला त्यानं त्यांच्या मागचा गिलावाच छिन्नीनं पापुद्र्याएवढा कापला, चित्र गिलाव्यासकट उतरवलं, पालथं घालून पाठीवरचा गिलावा कोरडाच घासून काढला. एका रंगीत चित्राला अर्धा दिवस लागला.

पहिल्या दिवशी निनाद मदतीला आला. म्हणाला, काका, मला शिकायचंय, श्रमाचा अनुभव पाहिजे. धर्मराजनं त्याला पाणी मारायला लावलं. तासाभरानं निनादची बोटं गारठली. दुसऱ्या तासाला तो चहाला गेला. त्यानंतर तो एकदम आठव्या दिवशी उगवला, आपले कागद घ्यायला. अकरा चांगले होते. सातवा पात्यानं फाटलेला, तो धर्मराजनं मागून पातळ कागद लावून जुळवून ठेवला होता. निनादनं तो उजेडात धरून पाहिला.

"इथं जोड दिसतो," तो म्हणाला.

"तो तुमचा हाय," धर्मराज म्हणाला.

एकशे चाळीसपैकी एकशे अडतीस चित्रं जशी आली तशी निघाली. एक निनादचं आणि एक पिवळ्या डोक्याचं, एवढी दोनच बिघडली, आणि ती दोन्ही धर्मराजच्या हातून बिघडली नव्हती. कमिटीनं चित्रकारांना पत्र पाठवलं. अध्यक्षांनी स्वतः लक्ष घालून, शास्त्रीय पद्धतीनं, सर्व चित्रं सुखरूप सोडवून घेतली, असं त्यात होतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा धर्मराज गोणपाटं पिळत होता. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. अरुंधतीबाईंनीही वाजवल्या, पण हळू.

फेब्रुवारीत शिपायाची जागा भरली. साहेबांच्या मेहुण्याच्या ओळखीतला कुणी तरणा माणूस आला. पहिल्याच आठवड्यात तो स्टुलावर झोपलेला असताना एका शाळेच्या सहलीनं काचेची पेटी उघडून ती जुनी काठी बाहेर काढली आणि अंगणात तिनंच क्रिकेट खेळलं. काठी मोडली. चिठ्ठी अजून आहे.

कृष्णाबाई पंधरा दिवस धर्मराजशी कामापुरतं बोलली. टॉकीजनं काम कायमचं बंद म्हणून सांगितलं. मग एक दिवस धर्मराज तिच्यासोबत बाजारात जाऊन बसला आणि दुपारी काय होतं ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बारा वाजले की राहिलेली मासळी नरम पडायला लागे. गिऱ्हाइकाला ते कळे; ते पाटीभोवती घिरट्या घालत वाट बघे आणि एक वाजता अर्ध्या किमतीत उचलून नेई. पहाटे बंदरावर धक्के खाऊन आणलेला माल बारानंतर घिरट्या घालणाऱ्यांचा होई. इकडं रोडपालीला, विचुंब्याला नवीन घरं उठत होती. तिथल्या बायकांना दुपारी दारात ताजी मासळी मिळाली तर हवीच होती. तिथं मासळी ताजी पोचवायची सोय फक्त कुणाकडं नव्हती.

आठ दिवसांची मजुरी धर्मराजनं मोडली नव्हती. तो पत्रेवाल्याकडं गेला आणि सायकलच्या कॅरियरवर बसेल अशी पेटी सांगितली. बाहेरून जस्ती पत्रा, आत थर्मोकोल, त्याच्या आत पुन्हा पत्रा, खाली पाणी जायला तोटी. पत्रेवाल्यानं झाकण जरा सैल केलं होतं. धर्मराजनं ते परत करायला लावलं, दोनदा. मग पेटीत सकाळी सहाला बर्फाची लादी ठेवून संध्याकाळपर्यंत तो तिथंच बसला आणि किती उरला ते बघून मगच पैसे दिले.

सोमवारी कृष्णाबाईनं पेटीत खाली बर्फ, त्यावर बोंबील, वर चार पापलेटं रचली. "उनात उबं नको करू," म्हणाली. धर्मराजनं झाकण दाबून बसवलं आणि सायकल विचुंब्याच्या रस्त्याला लावली. त्याच्या मजुरीतून आलेली वस्तू ती एवढीच, बर्फाची पेटी.